आइस हॉकीतल्या फॉरवर्डवर वाद घालायचाय? आधी त्याची मिनिटं बघा

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टर्फ येतं, खडकीचे धनराज पिल्ले येतात. टोरंटो, एडिसन किंवा बॉस्टनला येऊन स्थिरावलेल्या मराठी माणसाची मात्र ऑक्टोबर ते जून वेगळ्याच, बर्फावरच्या हॉकीशी, म्हणजे एनएचएल नावाच्या व्यावसायिक लीगशी गाठ पडते. ऑफिसच्या किचनमध्ये दोघं तावातावाने भांडत असतात. एक म्हणतो, "त्याला पहिल्या लाइनवर का खेळवत नाहीत?" दुसरा म्हणतो, "पंधरा मिनिटं मिळतात की, त्यात काय दिवे लावले?" आपण कॉफी भरून घेतो, हसतो आणि सटकतो.

सटकायची गरज नाही. फॉरवर्डबद्दलचे नव्वद टक्के वाद तीनच गोष्टींवर होतात: त्याने पॉइंट किती केले, त्याला बर्फावर वेळ किती मिळाला, आणि संघात त्याची जागा कोणती. नवीन माणूस यातली पहिली गोष्ट पकडून बसतो, कारण ती मोजायला सोपी. माझा सल्ला उलटा आहे. मिनिटांपासून सुरुवात करा, पॉइंटांकडे शेवटी या.

हे सगळं हवेत बोलण्यापेक्षा एक माणूस समोर ठेवू. न्यूयॉर्क रेंजर्सचा अलेक्सी लाफ्रेनिएर. क्विबेकचा पोरगा, 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सगळ्यात पहिला निवडलेला. पहिली काही वर्षं त्याच्यावरून न्यूयॉर्कमध्ये जेवढं भांडण झालं तेवढं क्वचितच कुणावरून झालं असेल. अर्ध्यांच्या मते तो फुसका बार, अर्ध्यांच्या मते त्याला वाया घालवलं. दोन्ही बाजूंकडे आकडे होते, हीच त्यातली गंमत.

पहिली पायरी: बाकावरची मांडणी

सामन्याला गोली (गोलकीपर) धरून वीस जण कपडे चढवतात. त्यात साधारण बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन, दोन गोली. बारा फॉरवर्डांच्या तिघातिघांच्या चार लाइन. मधला सेंटर, दोन बाजूंना विंगर. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन पिरियडचा, पण एका दमात कुणी पाऊण मिनिटाच्या वर टिकत नाही. तेवढ्यात पाय भरून येतात आणि गडी बाकाकडे वळतो. या पाऊण मिनिटाला शिफ्ट म्हणायचं.

म्हणजे जगातला सर्वोत्तम फॉरवर्ड, समजा एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड, तोसुद्धा साठातली एकवीस-बावीस मिनिटं खेळतो आणि बाकीचा वेळ बसून पाणी पितो. उरलेल्यांचा हिशोब ढोबळमानाने असा: पहिल्या लाइनचा माणूस अठरा ते वीस मिनिटं, दुसऱ्या लाइनचा सोळा-सतरा, तिसऱ्याचा तेरा-चौदा, चौथ्याचा दहाच्या आसपास. मुलाखतीत कोच काहीही बोलू दे, "आमचा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे" वगैरे; खरा विश्वास या मिनिटांत दिसतो.

पहिल्या दोन लाइनना मिळून टॉप सिक्स म्हणतात. गोल करणं हे त्यांचं काम. तिसरी लाइन बऱ्याचदा समोरच्या बड्या लाइनला अडवायला असते. चौथी लाइन येऊन धक्काबुक्की करते, दमलेल्यांना श्वास घ्यायला वेळ देते. ही जुनी चौकट आहे, आजकाल बरेच कोच ती मोडतात. पण वाद ऐकताना हीच भाषा कानावर पडेल.

दुसरी पायरी: पॉइंट, पण सामन्यांनी भागून

गोलला एक पॉइंट, पासलाही एक. एका गोलवर जास्तीत जास्त दोघांना असिस्ट मिळतो. शेवटचा पास देणाऱ्याचा असिस्ट पहिला, त्याच्या आधीच्याचा दुसरा. दोघांची किंमत कागदावर सारखी, पण दुसरे असिस्ट वर्षागणिक बरेच खालीवर होतात. एखाद्याचे पॉइंट अचानक वाढले की त्यात दुसरे असिस्ट किती, एवढं तपासा.

एकूण पॉइंट कधीही तसेच बोलू नका, सामन्यांनी भागा. लाफ्रेनिएरचं पहिलं वर्ष 2020-21, कोव्हिडमुळे कापलेला हंगाम: 56 सामने, 12 गोल, 21 पॉइंट. पुढच्या वर्षी 79 सामन्यांत 19 गोल, 31 पॉइंट. वरवर बघितलं तर दहा पॉइंटची झेप. भागून बघितलं तर सामन्यामागे 0.38 वरून 0.39, म्हणजे जैसे थे. तिसऱ्या वर्षी 81 सामन्यांत 39, म्हणजे 0.48. चौथ्या वर्षी, 2023-24 मध्ये, 82 सामन्यांत 28 गोल आणि 57 पॉइंट: 0.70. पाचव्या वर्षी पुन्हा 82 सामने, 17 गोल, 45 पॉइंट: 0.55.

एवढ्या माहितीवर किचनमधले दोघं भांडत असतात. इथे थांबलात तर तुम्हीही तिसरे.

तिसरी पायरी: मिनिटं उलगडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा वेळ घेऊ.

एनएचएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याच्या तक्त्यात खेळाडूच्या नावापुढे टीओआय असा रकाना असतो. हा एकूण आइस टाइम. शेजारीच तो फोडून दिलेला असतो: दोन्हीकडे सारखी माणसं असतानाचा, म्हणजे इव्हन स्ट्रेंथचा, पॉवर प्लेचा, आणि पेनल्टी किलचा. एकूण आकडा बघून पुढे जाऊ नका. पंधरा मिनिटं आणि पंधरा मिनिटं यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

समोरच्या संघातला एकजण शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसला की आपल्याला पाचास चार. हा पॉवर प्ले; समोरच्यांसाठी तोच पेनल्टी किल. सामन्यात साधारण तीन वेळा ही संधी येते, आणि ती दोन मिनिटं सगळ्यांना सारखी वाटली जात नाहीत. पहिल्या तुकडीत पाच जण ठरलेले असतात. चांगल्या संघात ते दोनातली बहुतेक सगळी मिनिटं खातात. दुसरी तुकडी उतरते तेव्हा घड्याळात वीस-पंचवीस सेकंद उरलेले असतात, आणि पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) बहुधा आपल्याच टोकाला. मोठ्या नावांच्या पॉइंटांतला तिसरा हिस्सा याच पहिल्या तुकडीतून येतो. दुसऱ्या तुकडीतल्या माणसाला "तुझे पॉइंट कमी का" असं विचारणं म्हणजे एकोणिसाव्या षटकात फलंदाजीला आलेल्याला शतक का झालं नाही म्हणून झापण्यासारखं आहे.

आता लाफ्रेनिएरकडे या. पहिली दोन वर्षं त्याला मिळाली सामन्यामागे सुमारे चौदा मिनिटं. हा तिसऱ्या लाइनचा भाव झाला. तिसऱ्या वर्षी साडेपंधराच्या आसपास. पॉवर प्लेच्या पहिल्या तुकडीत जागा नाही. या तीन वर्षांतले त्याचे 47 गोल जवळजवळ सगळे इव्हन स्ट्रेंथचे आहेत.

जागा का नाही? कारण ती रिकामी नव्हती. तो डाव्या बाजूचा विंगर, आणि रेंजर्सकडे डावीकडे आधीपासून दोघं बसलेले: आर्टेमी पॅनारिन आणि क्रिस क्रायडर. क्रायडरने 2021-22 मध्ये 52 गोल केले, त्यातले 26 पॉवर प्लेवर, बरेचसे गोलीच्या तोंडासमोर उभं राहून. आता सांगा, ड्राफ्टमध्ये पहिला आला म्हणून वीस वर्षांच्या पोरासाठी कोणता कोच क्रायडरला तिथून हलवेल? त्याच ड्राफ्टमधला तिसरा, टिम श्टुट्झले, ओटावाला गेला. तिथे संघ नव्याने उभा राहत होता, जागा मोकळ्या होत्या. तो सेंटर झाला, पॉवर प्लेवर उतरला आणि 2022-23 मध्ये 39 गोल, 90 पॉइंट करून मोकळा झाला. श्टुट्झले चांगला खेळाडू आहे यात वाद नाही. पण 90 आणि 39 अशी नुसती तुलना टाकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा, की दोघांना मिनिटं कुठली मिळाली.

यावर उतारा म्हणजे साठ मिनिटांमागचा दर. पॉइंट भागिले एकूण मिनिटं, गुणिले साठ. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. लाफ्रेनिएरचा 2021-22 चा हिशोब: 79 सामने गुणिले चौदा म्हणजे साधारण 1,100 मिनिटं, 31 पॉइंट, दर 1.7 च्या जवळ. तिसऱ्या वर्षी 1.85 च्या आसपास. चौथ्या वर्षी त्याचा वेळ सव्वासतरा मिनिटांच्या घरात गेला आणि दर 2.4 वर पोचला.

हा शेवटचा आकडा नीट बघा. वेळ वाढला म्हणून पॉइंट वाढले, एवढीच गोष्ट असती तर दर तिथेच राहिला असता. दरही चढला. म्हणजे वेळेशिवाय आणखी काहीतरी बदललं. काय, ते पुढच्या पायरीत.

त्याआधी एक सावधगिरी. हा दर सगळ्या परिस्थितींचा मिळून आहे. नॅचरल स्टॅट ट्रिकसारख्या साइटवर फक्त पाचास पाचचा दर वेगळा मिळतो, आणि दोन खेळाडूंची तुलना करायची तर तोच वापरा. ढोबळ माप असं: पाचास पाचला साठ मिनिटांमागे दोन पॉइंटच्या वर म्हणजे पहिल्या लाइनचा माणूस, पावणेदोन म्हणजे दुसऱ्या लाइनचा, दीडच्या खाली गेला की तिसऱ्या लाइनचा. आणि चौथ्या लाइनच्या कुणाचा दर तीन दिसला तर हुरळून जाऊ नका. दहा सामन्यांत सत्तर-ऐंशी मिनिटं खेळलेल्याचा दर काहीही दिसू शकतो.

चौथी पायरी: सोबत कोण, समोर कोण

2023 च्या उन्हाळ्यात रेंजर्सला नवा कोच मिळाला, पीटर लाव्हियोलेट. त्याने लाफ्रेनिएरला डावीकडून उचलून उजवीकडे टाकलं, पॅनारिनच्या लाइनवर. मध्ये होता फिलिप हीटिल. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच हीटिल जखमी झाला आणि मध्ये आला विन्सेंट ट्रोचेक. मग ही तिकडी सुटलीच नाही. पॅनारिनने त्या हंगामात 120 पॉइंट केले, ट्रोचेकने 77, आणि लाफ्रेनिएरने त्याचे 57. संघ लीगमध्ये पहिला आला.

उजवी बाजू डाव्या हाताच्या खेळाडूला सोपी नसते. आपल्या गोलजवळ भिंतीलगत आलेला पास बॅकहँडवर घ्यावा लागतो, अंगावर समोरचा डिफेन्समन चालून येत असतो. पण हल्ला करताना तीच बाजू वरदान: स्टिक मैदानाच्या मधल्या बाजूला असते, आडवा पास आला की तिथल्या तिथे फटका मारता येतो. आधीच्या कोचच्या काळातही त्याला उजवीकडे खेळवून झालं होतं, पण जम बसला नव्हता. या वेळी बसला.

मग श्रेय कुणाचं? इथे वाद खरा रंगतो. "पॅनारिनसोबत कुणीही पन्नास करेल" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. यात थोडं तथ्य आहे. मॅकडेव्हिडसोबत खेळून झॅक हायमनने 2023-24 मध्ये 54 गोल केले, त्याआधी त्याचा सर्वोत्तम आकडा होता 36. पण मॅकडेव्हिडसोबत गेल्या दहा वर्षांत डझनभर विंगर खेळून गेले, पन्नास गोल त्यांतल्या किती जणांना जमले? मोठ्या खेळाडूच्या शेजारी टिकणं हेही कौशल्य आहे. कोपऱ्यातून पक काढून आणायचा, गोलीसमोर मार खात उभं राहायचं, आणि तो पास देईल त्या क्षणी तिथे असायचं.

तपासायची पद्धत: साइटवर विथ अँड विदाउट असा तक्ता मिळतो. दोघं एकत्र असताना संघाकडे शॉटचा किती वाटा होता, आणि दोघं वेगळे असताना प्रत्येकाचा किती. पॅनारिनशिवाय लाफ्रेनिएर कोसळतो का? लाफ्रेनिएरशिवाय पॅनारिन कोसळतो का? दोन्ही प्रश्न विचारायचे. लोक पहिलाच विचारतात.

समोर कोण, हा प्रश्न तर बरेच जण विसरतातच. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या कोचला खेळ थांबला की शेवटची बदली करायचा हक्क असतो. समोरच्याने कुठली लाइन उतरवली ते बघून तो आपली उतरवतो. आपल्या तरुण पोराला समोरच्या तिसऱ्या लाइनविरुद्ध सोडायचं, की त्यांच्या सगळ्यात धोकादायक माणसाच्या गळ्यात बांधायचं, हे तो ठरवतो. म्हणून एखाद्याचं घरचं आणि बाहेरचं खेळणं वेगळं का दिसतं, याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे फिलिप दानो. 2020-21 मध्ये मॉन्ट्रियलसाठी 53 सामन्यांत त्याचे गोल किती, तर पाच. टोरंटोचे चाहते त्याला हसायचे. मग प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद मालिकांच्या, पहिल्याच फेरीत त्याच्यावर ऑस्टन मॅथ्यूजला अडवायची कामगिरी आली. मॅथ्यूजने त्या हंगामात 52 सामन्यांत 41 गोल केले होते. त्या मालिकेत सात सामन्यांत एक. टोरंटो 3-1 ने पुढे असून हरलं. मॉन्ट्रियल थेट अंतिम फेरीपर्यंत गेलं, आणि दानोचा त्या सगळ्या प्लेऑफमधला गोल एकच. पॉइंटवरून त्याला तोलणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही. लॉस एंजेलिसने मात्र बघितलं. सहा वर्षांचा करार दिला, वेगळं काम दिलं, आणि पुढच्याच हंगामात दानोने 27 गोल मारले.

पाचवी पायरी: नशिबाचा वाटा बाजूला काढा

लीगमधला सरासरी फॉरवर्ड गोलवर मारलेल्या शंभर शॉटपैकी अकरा-बाराच्या आसपास आत घालतो. अस्सल नेमबाज पंधरापर्यंत जातो, काही थोडे त्याच्याही वर. कुणाचा आकडा एका हंगामात वीसच्या पलीकडे दिसला, तर पुढच्या वर्षी घसरण धरूनच चाला.

विल्यम कार्लसनचं उदाहरण हॉकीत सगळे देतात, तर आपणही देऊ. कोलंबसमध्ये 2016-17 ला 81 सामने, सहा गोल. नवीन निघालेल्या व्हेगासने त्याला उचललं, पहिल्या लाइनचा सेंटर केलं, आणि 2017-18 मध्ये त्याने 43 गोल केले. शॉटची टक्केवारी 23.4. पुढच्या वर्षी गोल 24. तेव्हा लोक म्हणाले, पोकळ निघाला. नीट बघा: सहाचे चोवीस झाले ते जागा आणि मिनिटं बदलल्यामुळे, आणि तो बदल टिकला. चोवीसचे त्रेचाळीस झाले ते त्या वर्षी पक जाईल तिथून आत गेल्यामुळे. एकाच माणसाच्या तीन आकड्यांत भूमिका आणि नशीब असे वेगवेगळे काढता येतात, म्हणून हे उदाहरण मला आवडतं.

लहान नमुन्याचा धोका प्लेऑफमध्ये सगळ्यात जास्त. लाफ्रेनिएरने 2022 च्या प्लेऑफमध्ये हीटिल आणि काप्पो काक्कोसोबत 'किड लाइन' म्हणून नाव काढलं, वीस सामन्यांत नऊ पॉइंट. 2023 मध्ये न्यू जर्सीविरुद्ध सात सामन्यांत शून्य. 2024 मध्ये सोळा सामन्यांत आठ गोल, चौदा पॉइंट. पोरगा तोच. सात सामन्यांवरून "मोठ्या सामन्यात हातपाय गाळतो" असा शिक्का मारणाऱ्यांना पुढच्याच वर्षी तोंड लपवावं लागलं. लपवलं नाही कुणी, ती गोष्ट वेगळी.

प्लस-मायनस हा रकाना दिसेल. पॉवर प्लेवरचे गोल सोडून, आपल्या बाजूने गोल झाला तेव्हा तुम्ही बर्फावर असाल तर अधिक एक, विरुद्ध झाला तर उणे एक. गोली ढिला असला तरी तुमच्या नावावर उणे. वाचा आणि सोडून द्या. त्याऐवजी कॉर्सी बघा, म्हणजे तो बर्फावर असताना दोन्हीकडून मारलेल्या शॉटमध्ये आपला वाटा किती. आणि एक्सपेक्टेड गोल, म्हणजे त्या शॉटची जागा धरून केलेला अंदाज. मनीपक या साइटवर दोन्ही फुकट मिळतात. पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर खेळ त्याच्या बाजूने चालतो, एवढं समजलं तरी पुष्कळ.

सहावी पायरी: एक पूर्ण सामना फक्त त्याच्याकडे बघा

आकड्यांवर भागवू नका. टीव्हीचा कॅमेरा पकच्या मागे धावतो, त्यामुळे हे प्रत्यक्ष स्टेडियममध्ये जास्त जमतं. तिकीट महाग पडत असेल तर जवळच्या एएचएल (एनएचएलच्या खालची लीग) किंवा ज्युनियर संघाचा सामना बघा, पद्धत तीच. एक फॉरवर्ड निवडा आणि पक विसरा.

तो भिंतीवरून उडी मारून आत येतो तिथून सुरू करा. पक समोरच्या कोपऱ्यात टाकलेला आहे. तीन फॉरवर्डांतला पहिला थेट पकवर जातो, दुसरा पासाची वाट अडवतो, तिसरा वर, मधे थांबतो. आपला माणूस कितवा होता? पहिला असेल तर तो डिफेन्समनला धक्का देतो, की हळूच वळसा घालून निघून जातो? मग पक सुटून उलट दिशेला निघतो. आता त्याची पाठ बघा. तीन-चार जोरदार ढांगा टाकून तो मागे येतोय, की आरामात तरंगत? वीस सेकंद झालेत, फुफ्फुसं फाटायला आली आहेत, आणि इथेच कोच बघत असतो. स्वतःच्या टोकाला विंगरचं काम भिंतीपाशी. पक तिथे आला की तो निळ्या रेषेच्या, म्हणजे आपल्या टोकाच्या हद्दीच्या, बाहेर गेला पाहिजे, कसाही. नुसता ढकलला तरी चालेल. तिथे कलाकुसर करायला गेला आणि पक गमावला, तर पुढची शिफ्ट मिळेल, त्याच्या पुढची कदाचित नाही. शेवटी बदली: पक समोरच्या टोकाला खोल टाकून तो बाकाकडे येतो, की मधेच सोडून? दुसऱ्या प्रकारात समोरच्यांचा दोघांवर तिघं असा हल्ला सुरू झालेला असतो.

चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत एवढं सगळं. यातलं काहीही पॉइंटच्या रकान्यात येत नाही, आणि आइस टाइम मात्र बऱ्याच अंशी यावरच ठरतो.

शेवटची पाच मिनिटं तर चुकवूच नका. एका गोलने पुढे असताना कोच कुणाला उतरवतो? एका गोलने मागे असताना, गोली बाहेर काढून सहावा गडी आत येतो तेव्हा तो सहावा कोण? तुमचा माणूस पहिल्यात बाकावर आणि दुसऱ्यात बर्फावर असेल, तर कोचच्या मते तो गोल करणारा आहे पण बचावात भरवशाचा नाही. दोन्हीकडे बर्फावर असेल तर त्याच्यावरून भांडायचं फारसं कारण उरत नाही. दोन्हीकडे बाकावर असेल तर "पहिल्या लाइनवर टाका" म्हणणाऱ्यांना आधी याचं उत्तर द्यायला सांगा.

आता वादात उतरा

जागा नसेल तर पॉइंट होत नाहीत, आणि पॉइंट नसतील तर जागा मिळत नाही. सगळे वाद या चक्रात अडकतात. ते तोडायला वेळापत्रक मांडा: आधी काय बदललं, भूमिका की खेळ? कार्लसनच्या बाबतीत भूमिका आधी. लाफ्रेनिएरचं मत बनवणं अवघड, कारण तिसऱ्या वर्षी, तिसऱ्या लाइनच्या आसपास असतानाच, त्याचा दर वर सरकायला लागला होता. त्याच वर्षी डिसेंबर 2022 मध्ये कोच जेरार्ड गलांटने त्याला ठणठणीत असताना एक सामना बाहेर बसवलं. 82 पैकी 81 सामने दिसतात ते त्यामुळे. माझं मत असं, की तोवर तो सोळा मिनिटांच्या लायकीचा झाला होता, आणि चौथ्या वर्षी त्याला ती आणि वर थोडी मिळाली.

पाचवं वर्ष दोन्ही बाजूंना त्रास देतं. ऑक्टोबर 2024 मध्ये रेंजर्सने त्याला सात वर्षांचा करार दिला, वर्षाला 74.5 लाख डॉलर. आइस टाइम जवळपास तेवढाच राहिला, पॉइंट 57 वरून 45 वर आले. "पैसे मिळाले आणि झोपला" हे सोपं उत्तर. पण पॅनारिनही 120 वरून 89 वर आला, अख्खा संघ घसरला, प्लेऑफ हुकलं, कोच गेला. एकट्या लाफ्रेनिएरची घसरण किती आणि संघाची किती, हे वेगळं काढल्याशिवाय करारावर बोलू नये. मला स्वतःला वाटतं, 57 हा त्याचा तळ नव्हता आणि 45 हा माथा नाही. तो पन्नासच्या आगेमागे करणारा दुसऱ्या लाइनचा चांगला विंगर आहे, आणि पॉवर प्लेवर जागा मिळाली तर साठपर्यंत जाईल. ज्यांना पहिल्या क्रमांकाच्या निवडीकडून मॅकडेव्हिड हवा होता त्यांना हे कधीच पटणार नाही. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

जून 2025 मध्ये क्रायडरला अॅनाहाइमला पाठवलं. गोलीसमोरची, पॉवर प्लेच्या पहिल्या तुकडीतली जागा रिकामी झाली. आता रेंजर्सचा सामना लावलात की पहिल्या पॉवर प्लेला कोण पाच जण उतरतात ते बघा, आणि त्यातली किती सेकंद लाफ्रेनिएरच्या नावावर जातात ते सामना संपल्यावर तक्त्यातून काढा. दहा सामन्यांचा असा हिशोब हाताशी असला की किचनमधल्या त्या दोघांच्या मध्ये खुर्ची ओढून बसायला हरकत नाही.